लॅव्हिनियाचा प्रवेश

शेक्सपिअरच्या ‘टायटस अँड्रॉनिकस’चा प्रयोग उभा राहणार की कोसळणार, हे दुसऱ्या अंकाच्या शेवटी ठरते. तिथे लॅव्हिनिया प्रवेश करते. तिच्यावर बलात्कार झालेला आहे, जीभ छाटलेली आहे, दोन्ही हात तोडलेले आहेत. हे सारे विंगेआड घडून गेलेले असते. प्रेक्षकांपुढे येते ती त्यानंतरची लॅव्हिनिया.

१५९४ साली छापलेल्या या नाटकात सूड दोन्हीकडून उगवला जातो. रोमन सेनापती टायटस बंदिवान गॉथ राणी टमोराच्या थोरल्या मुलाचा बळी देतो. ती पुढे सम्राज्ञी होते आणि तिची उरलेली दोन मुले टायटसच्या लेकीची ही दशा करतात. अखेरीस टायटस त्या दोघांना मारतो, त्यांचे मांस शिजवतो आणि त्यांच्या आईलाच वाढतो. ऑव्हिडची फिलोमेला आणि सेनेकाचा ‘थायेस्टिस’ ही दोन मुळे इथे स्पष्ट दिसतात.

१९५५ साली स्ट्रॅटफर्डला पीटर ब्रूकने हे नाटक नव्याने बसवले. लॉरेन्स ऑलिव्हिए टायटस होता, व्हिव्हिअन ली लॅव्हिनिया. रक्ताऐवजी तिच्या तोंडातून आणि मनगटांतून लाल फिती लोंबत होत्या. पुढे युकिओ निनागावाने पांढऱ्याशुभ्र नेपथ्यावर लाल धाग्यांचे झुबके वापरले, त्याची वाट ब्रूकनेच घालून दिली होती. लंडनच्या ग्लोबमध्ये २००६ साली लुसी बेलीने उलट टोक गाठले. तिथे खरेखुरे वाटणारे रक्त होते आणि ते पाहून काही प्रेक्षक भोवळ येऊन पडले. दोन्ही पद्धती चालतात. फिती किंवा रंगवलेले पाणी हा तुलनेने सोपा निर्णय आहे.

अवघड आहे ते टायटसचा भाऊ मार्कस याचे भाषण. पुतणीला त्या अवस्थेत पाहून मार्कस तिला उचलत नाही, मदतीला हाक मारत नाही. तो उपमांनी लगडलेल्या ४७ ओळी बोलतो. ब्रूकने त्या गाळल्या. १९८७ साली स्वान नाट्यगृहात डेबोरा वॉर्नरने संहितेतला एकही शब्द कापला नाही आणि हे भाषण का लिहिले आहे ते कळले. डोळ्यांना दिसते ते मनात उतरायला माणसाला वेळ लागतो, त्या वेळाची ही भाषा आहे. मार्कस बोलत राहतो तोवर प्रेक्षकाला तिच्याकडे पाहतच राहावे लागते. भाषण कापणारा दिग्दर्शक प्रेक्षकाची आणि लॅव्हिनियाचीही सुटका लवकर करतो, आणि तशी सुटका नाटककाराला नको आहे.

इथून शेवटपर्यंत अभिनेत्रीकडे हात नाहीत, शब्द नाहीत. तरी तिला कामे भरपूर आहेत. ऑव्हिडच्या पुस्तकाची पाने थोट्या हातांनी उलटायची, तोंडात काठी धरून वाळूत गुन्हेगारांची नावे लिहायची, त्यांचे गळे कापले जाताना तसराळे थोट्या हातांमध्ये धरून उभे राहायचे. हे सारे तालमीत पहिल्या दिवसापासून हात बांधूनच करायला हवे, नाहीतर खांदे आणि मान खोटे बोलतात. टायटसचा तोडलेला हात दातांत धरून नेण्याच्या प्रसंगी सभागृहात हशा येऊ शकतो. तो दाबायचा खटाटोप करू नये. थोडे आधी, आपल्याच मुलांची मुंडकी समोर आल्यावर, टायटस स्वतःच हसलेला असतो. नटाने ते हसणे रडणे संपल्यानंतरचे केले, तर प्रेक्षकांचे हसणेही त्याच जातीचे होते.

मेजवानीत टायटस लॅव्हिनियाला स्वतः मारतो. तिची संमती आहे की नाही, याविषयी संहिता गप्प आहे. ती आपणहून मान पुढे करते, की बापाच्या हातातला सुरा तिला दिसतच नाही, हे दिग्दर्शकाने आणि अभिनेत्रीने मिळून ठरवावे, आणि तेही तालमी सुरू होण्यापूर्वी, कारण वाळूतल्या लेखनापासूनचे तिचे प्रत्येक पाऊल त्यावर अवलंबून असते. त्यानंतर टमोरा, टायटस आणि सम्राट काही ओळींच्या अंतराने मरतात. तिथे वेग धरावा, रेंगाळू नये.