मिठबावची शेवटची गाडी

मिठबावला जायचे तर कणकवलीला रेल्वेतून उतरून एस.टी. धरावी लागते. गाव देवगड तालुक्यात. उत्तरेला तांबळडेग, कुणकेश्वर; दक्षिणेला आचरा. चिऱ्यांचे गडगे, हापूसची कलमे आणि वळण संपताच एकदम पुढ्यात येणारा समुद्र. मुंबईत वाढलेल्या आमच्या मुलांना तो सिनेमातल्यासारखा वाटतो. या खेपेस मात्र आम्ही उभयतां समुद्र पाहायला गेलो नव्हतो.

आमच्या धाकट्या भावाला दारूचे व्यसन आहे. लिहिताना लाज वाटते, पण अशी घरे आपल्या वस्त्यांतून किती आहेत हे वाचकांना सांगायला नको. मुंबईची नोकरी गेली, तो गावी आला आणि पिणे वाढले. इकडे मिळायलाही कष्ट नाहीत. माडी आहेच, शिवाय गोवा बनावटीची बाटली चोरून येते.

आम्हीही चुकलो. एका दवाखान्यात "मनाचा निग्रह करा" एवढेच ऐकून परतलो आणि घरीच त्याची दारू एकदम बंद केली. तिसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, भिंतीवर माणसे दिसू लागली. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक सोडली तर असे होते, फिट येते, जिवावरही बेतते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी, हे आम्ही फार उशिरा शिकलो. दारूचे व्यसन हा आजार आहे, असे अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेने १९५६ साली जाहीर केले. आपल्या धम्मदीक्षेचेच ते वर्ष!

पुढे तो महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात राहिला. महाराष्ट्रात या कामाचे नाव निघाले की पुण्याचे मुक्तांगण आठवते. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते १९८६ साली, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या बळावर सुरू केले. अशा केंद्रांतून सांगतात की खरे काम घरी गेल्यावर सुरू होते. ते आम्हाला भावजयीने समजावले. फोनवर म्हणाली, "दादानू, थय होतो तवसर बरो होतो. हय बसतलो कोणाबरोबर?"

म्हणून आम्ही सोबत शोधायला निघालो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे अनामिक मद्यपींची संघटना, १९३५ साली अमेरिकेत एक शेअरदलाल आणि एक डॉक्टर या दोन पिणाऱ्यांनी सुरू केली. तिला फी नाही, आडनाव सांगावे लागत नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. जन्मभराची शपथही नाही. फक्त आजचा दिवस प्यायची नाही. मुंबईतल्या एका सभेतून आम्हाला सिंधुदुर्गातल्या सभेचा पत्ता मिळाला. गावाचे नाव इथे देत नाही, तिथल्या माणसांच्या अनामिकतेचा मान राखायला हवा.

एस.टी.ने दीड तास. शाळेची एक खोली, सात माणसे, कोरा चहा. एकजण उठून आपली कहाणी सांगतो, बाकीचे ऐकतात. कोणी उपदेश करीत नाही. आपल्या सभांची सवय असलेल्या आम्हाला हे जरा चमत्कारिकच वाटले.

पण बाराव्या मिनिटाला भाऊ बाहेर आला. त्यांच्या बारा पायऱ्यांत देवाचे नाव येते. म्हणाला, "दादा, माका देवाक शरण जावक सांगतत. मी बावीस प्रतिज्ञांच्या घरातलो." आम्हाला उत्तर सुचेना. दारू पिणार नाही हीदेखील त्या प्रतिज्ञांतलीच एक, आणि ती मोडल्याचे ओझे तो वर्षानुवर्षे वाहत होता. विहारात पंचशील म्हणताना पाचव्या शीलाला त्याचे ओठ मिटायचे, हे आम्ही पाहिले आहे. कदाचित त्यामुळेच तो विहारात यायचा थांबला. आम्ही त्याला आळशी समजत होतो.

मागून एक म्हातारे गृहस्थ आले. म्हणाले, "देव नको तर नको. ही खोली धर. तुझ्या एकट्यापेक्षा मोठी आसा मां?" तिथे पायऱ्यांत 'आम्हाला जसा उमगला तसा' असेही शब्द आहेत, आणि पुष्कळजण आपल्या गटालाच आधार मानतात. भाऊ आत गेला. त्या दिवशी बोलला नाही, पण शेवटपर्यंत बसला.

अडचण निराळीच निघाली. सभा संपते साडेसातला आणि मिठबावची शेवटची गाडी त्याआधीच सुटते. रिक्षाचे भाडे रोजंदारीच्या माणसाला दर आठवड्याला कसे परवडावे? यावर म्हाताऱ्यांनीच तोडगा सांगितला. दोघे पिणारे न पिण्यासाठी एकत्र बसले की तोही गट होतो. दुसरा माणूस तेवढा शोधा.

दुसरा होता रापणीवर जाणारा, समुद्राकडच्या वाडीतला. आमच्या बौद्धवाडीत तो लग्नाकार्यालाही कधी आला नव्हता. आम्ही मुंबईला परतायच्या आदल्या गुरुवारी संध्याकाळी तो गडग्यापाशी येऊन उभा राहिला. आत यावे की न यावे. भाऊ उठला, पण बोलला काहीच नाही. भावजयीनेच पाट सरकवला, चहा आणला आणि स्वतः पडवीत जाऊन बसली. आतले काही ऐकू येत नव्हते.

रस्त्यावरून शेवटची गाडी गेली. दोघांपैकी कोणी उठले नाही.