सरत्या काठाची टिपणं

उलव्याची टेकडी. उंची नव्वद मीटरच्या आसपास. आता नाही. सुरुंग लावून फोडली, तिच्याच दगडाने शेजारची दलदल भरली. उलवे नदीचं पात्र वळवलं, दहा गावं उठली. त्या सपाटीवरच्या नवी मुंबई विमानतळाचं ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरला विमानं उडू लागली. उलवे हे नाव टिकलं आहे, मुख्यतः फ्लॅटच्या जाहिरातींत.

पारसिकचा कल. हा डोंगर मुंब्र्याकडून बेलापूरपर्यंत उतरत येतो. खाणवाल्यांनी त्याची पश्चिमेची बाजू वर्षानुवर्षं पोखरली. त्या कापलेल्या कड्यासमोर उभं राहिलं की काळ्या दगडाचे थर समुद्राकडे झुकलेले दिसतात. पूर्वेला माथेरान, प्रबळगड पाहा. तिथे तेच थर आडवे, जणू पाणसळ लावून रचलेले. दोहोंच्या मधे कुठेतरी सगळा दगड वाकला आहे. भूशास्त्रात त्याला ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात, आपण पनवेलचा बाक म्हणू. उत्तरेला कल्याणच्या पलीकडून दक्षिणेला मुरुडच्या बाजूपर्यंत तो जातो.

दगड साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यानंतरच्या काही दशलक्ष वर्षांत सेशेल्सचा तुकडा भारतापासून सुटला, आणि तुटलेली कड पत्र्याची कोर दाबून खाली वळवावी तशी समुद्राकडे वळली. आपला हा किनारा म्हणजे ही तुटीची कड. पनवेलच्या एसटी स्टँडवर रोज हजारो लोक उतरतात. आपण एका खंडाच्या काठावर उतरलो, हे तिथे कुणाला सांगावं?

दुसरीकडे याच्या उलट घडतं. अंदमानात आणि पाकिस्तान-इराणच्या मकरानात किनारा तुटून नाही, दडपून घडतो. भूकवचाची एक पाटी (प्लेट) दुसरीखाली सरकत राहते, अडकते, वरची कड ओढली जाते, आणि एके दिवशी अडकलेलं सुटतं. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात उत्तर अंदमानात प्रवाळाचे खडक पाण्याबाहेर येऊन कायमचे उघडे पडले. त्याच सकाळी ग्रेट निकोबारच्या टोकाशी इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरहून जास्त खाली गेली आणि दीपगृहाचा पाया समुद्रात उभा राहिला. किनारा चढला कुठे आणि खचला कुठे, हे मोजायला तिथे खडक आणि दीपगृह होतं.

मकरानची लाट. ही आपल्याकडच्या आठवणीतून पार गेलेली. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरान किनाऱ्यापुढे आठच्या वरच्या तीव्रतेचा भूकंप झाला. काही तासांत लाट मुंबईला आली, माणसं वाहून गेली. त्या भूकंपात मकरानच्या समुद्रात चिखलाची बेटं वर आली होती. २४ सप्टेंबर २०१३ ला बलुचिस्तान हादरलं तेव्हा ग्वादरसमोर असंच एक बेट आलं, आणि काही वर्षांत लाटांनी ते धुऊन नेलं. आपल्या नवी मुंबईच्या खाडीत बेटं अशी येत नाहीत. जातात मात्र.

खैराचं बुडालेलं रान. खाडीच्या पलीकडच्या काठावर मुंबईचा प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये सुरू झाला. त्याचं खोदकाम चाललं असताना चिखलाखाली साडेतीनशेहून जास्त झाडं सापडली, बरीचशी मुळांवर उभी. खैर होते. खैर खाऱ्या पाण्यात वाढत नाही, म्हणजे तिथे कधीकाळी कोरडी जमीन होती. जमीन खचली की समुद्र चढला, यावर अभ्यासक भांडत आले आहेत. आपल्याला इतकंच पुरे, की हा काठ शांत असला तरी स्थिर नव्हता. त्याचं काम फार सावकाश चालतं आणि त्याला कुणी साक्षीदार नसतो.

उघाडी. या टिपणांतली माझी सर्वात आवडती वस्तू. खाडीला बांध घालून आतली खारजमीन भाताखाली आणायची. पण पावसाचं पाणी बाहेर काढायचं कसं? बांधात वाट ठेवायची आणि तिच्या खाडीकडच्या तोंडावर वरून टांगलेलं लाकडी झाकण बसवायचं. ओहोटीला आतलं पाणी झाकण ढकलून निघून जातं. भरती आली की खाडीचं पाणीच झाकण दाबून बंद करतं. ना मोटर, ना माणूस. माणूस लागतो तो उधाणाच्या रात्री, बांधाला खांड जाऊ नये म्हणून. एकदा खांड गेली की शेतात खारं पाणी शिरतं आणि पुढची काही वर्षं भात धड येत नाही. म्हणून बांध हा एकट्याचा नसे, गावाचा असे.

नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० मध्ये स्थापन झाली. शहर वसवताना बरीच जमीन भरतीच्या पातळीखालीच होती, तेव्हा इंजिनिअरांनी वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूरकडे मोठी धारण तळी ठेवली आणि त्यांच्या तोंडाशी झडपा बसवल्या. ओहोटीला उघडतात, भरतीला मिटतात. शेतकऱ्याची उघाडीच ती, आकाराने वाढलेली. फरक देखभालीचा. तळ्यांत गाळ साचला, गाळात तिवरं उगवली, आणि तिवरं तोडायची म्हणजे आता हायकोर्टाची परवानगी. त्यामुळे तळी उथळ होत गेली. तिवरांना दोष देण्यात अर्थ नाही. गाळ वेळीच काढला असता तर ती तिथे आलीच नसती.

मिठागरं. उरणकडची बरीचशी गेली. त्या बाजूला न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं, मागून कंटेनरांची आवारं आली. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकलं ते आता पिशवीतलं मीठ आणतात. यावर जास्त काय लिहायचं?

निवटी. बोटाएवढा मासा, डोळे डोक्यावर. ओहोटीला चिखलावर पुढच्या परांनी रांगतो, चाहूल लागली की बिळात. आगरी-कोळी बायका बिळात कोपरापर्यंत हात घालून त्याला काढत. तो पूर्ण गेलेला नाही. पण भराव पडला की चिखल दगडाखाली जातो, आणि दगडावर निवटी रांगत नाही. जिताडा या माशाचंही तेच. पाहुण्याला जिताडा घालायचा तर आता आधी किंमत विचारावी लागते.

हिशेब असा. निकोबारची जमीन चार मीटर खाली न्यायला तिथल्या समुद्रतळातल्या सुंदा खंदकाला काही मिनिटं लागली. उलव्याची नव्वद मीटर उतरवायला खंदक लागला नाही, निविदा आणि काही वर्षं पुरली. पाटी पाटीखाली जाते तेव्हा कुठे तरी नवा काठ वर येतो. इथे डोंगर खाडीखाली गेला आणि वर आली ती धावपट्टी. तीही काठच म्हणायची असेल तर म्हणा.

अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला निदान वारशाचा दर्जा मिळाला, भोवती इमारती उभ्या राहिल्या तरी तिचे काळ्या दगडाचे खांब जागेवर आहेत. पारसिकच्या बंद पडलेल्या खाणींपैकी एखादा कललेला कडा असाच उघडा ठेवता येईल. जाळी नको, सिमेंटचा फवारा नको, वरून बाग तर नकोच. खाली दोन ओळींचा फलक: थर कुठे झुकले, कशामुळे. खर्च फारसा नाही. शाळेची सहल एसटीने येऊ शकते.