हमीदा बानूची शर्त

आमच्या आब्बांना कुस्तीचं भारी वेड. मिरजेच्या आसपासच्या जत्रा-उरुसातलं मैदान ते सहसा चुकवायचे नाहीत. रात्री दस्तरख्वानवर बसलं की कुस्त्यांच्या गोष्टी निघायच्या. त्यात एक नाव बाईचं असायचं. "हमीदा बानू! मर्दों को चित करती थी," असं म्हणताना आब्बांचीच छाती फुगायची. अम्मी डोक्यावरचा पदर सावरत म्हणायची, "बच्चियों के सामने क्या बोलते जी?"

मी आठवीत असताना जिल्ह्याच्या खो-खो संघात माझी निवड झाली. सामने पुण्याला होते. आब्बांनी एका वाक्यात विषय मिटवला, "बेटी जात परगाँव नहीं जाती." हमीदा बानूचं कौतुक करणारं तोंड तेच होतं. तेव्हा मला ते उमगलं नाही, नुसतं रडू आलं.

४ मे २०२४ रोजी गूगलनं आपल्या पानावर हमीदा बानूचं चित्र लावलं. माझ्या नातीनं मोबाईल पुढे धरला. "नानी, ये कौन?" आब्बांनी सांगितलेलं सगळं आठवलं, आणि जे सांगितलं नव्हतं ते शोधून वाचावंसं वाटलं.

मूळची मिर्झापूरची ही मुलगी सलाम पहिलवानांकडे शिकायला अलीगढला आली. पुढे वर्तमानपत्रं तिच्या खुराकाचे आकडे छापू लागली. दिवसाला साडेपाच लिटरवर दूध, किलोभर मटण, एक कोंबडी, साडेचारशे ग्रॅम बदाम, वर दोन प्लेट बिर्याणी. वजन १०८ किलो, उंची जेमतेम पाच फूट तीन इंच. फेब्रुवारी १९५४ मध्ये तिनं जाहीर केलं, "जो मला हरवेल त्याच्याशी मी लग्न करीन." पतियाळाचा एक पहिलवान हरला, कलकत्त्याचा दुसरा हरला. मे महिन्यात ती बडोद्याला गेली. तिथं छोटे गामांनी बाईशी लढायला नकार दिला, म्हणून बाबा पहिलवान उतरले. कुस्ती १ मिनिट ३४ सेकंदांत निकाली झाली.

ही शर्त म्हणजे तिकीटविक्रीची युक्ती होती, असं कुणी म्हणेल. असेलही. पण मला त्यात दुसरं काही दिसतं. निकाहात मुलीला शर्त घालता येते, निकाहनाम्यात ती लिहूनही घेता येते. आपल्यापैकी किती जणींनी घातली? माझ्या निकाहात वकील आणि दोन गवाह खोलीत आले, मी मान हलवली, झालं. मेहेर किती ठरला ते मला चार दिवसांनी कळलं. आणि ही बाई भर मैदानात, हजारो लोकांसमोर आपल्या लग्नाची शर्त सांगत होती.

लोकांना हे पचलं नाही. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली तिची कुस्ती कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. एकदा तिनं पुरुषाला हरवलं तर प्रेक्षकांनी दगड मारले, पोलिसांना मध्ये पडावं लागलं. तिनं मुख्यमंत्री मोरारजी देसाईंकडे दाद मागितली. उत्तर आलं की बंदी बाई म्हणून नाही, आयोजक तिच्यासमोर खोटे पहिलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून. आता नुरा कुस्त्या काय फक्त तिच्याच होत होत्या? काही कुस्त्या ठरवून झाल्या असतील, मी नाही म्हणत नाही. पण त्याच वर्षी मुंबईत रशियाच्या व्हेरा चिस्तिलिनला तिनं मिनिटाच्या आत लोळवलं.

मग तिला युरोपात जाऊन लढायचं होतं. आणि इथून तिचं नाव मैदानातून नाहीसं होतं.

तिच्या नातवानं बीबीसीला सांगितलं ते वाचून मी मोबाईल खाली ठेवला. तिनं युरोपला जाऊ नये म्हणून सलाम पहिलवानांनी तिला मारलं, हात मोडले. शेजाऱ्यांनीही सांगितलं, पाय मोडले होते, कित्येक वर्षं काठीशिवाय चालता येत नव्हतं. सलाम अलीगढला परतले. ती राहिली आपल्या कल्याणमध्ये. दूध विकलं, खोल्या भाड्यानं दिल्या. पैसे संपले तेव्हा रस्त्याच्या कडेला बसून घरी केलेले खाण्याचे पदार्थ विकले. १९८६ मध्ये ती गेली.

त्या काळात मिरजेहून मुंबईला बहिणीकडे जाताना कल्याण स्टेशनवरून मी किती वेळा गेले असेन. खिडकीतून चहा घेतला असेल, वडे घेतले असतील. आब्बाही तेव्हा हयात होते. त्यांना माहीत असतं तर भेटायला गेले असते का? गेले असते, असं मला वाटतं. आणि परत येऊन आम्हाला फक्त बडोद्याचीच कुस्ती सांगितली असती.

नातीला मी सगळं सांगितलं, मोडलेल्या हातांसकट. माझी लेक स्वयंपाकघरातून ओरडली, "अम्मी, बच्ची को ये सब कायको?" नात गप्प ऐकत होती. मग म्हणाली, "नानी, कोई जीत जाता तो?"

"जीता कहाँ कोई?"

आता नात शाळेच्या कुस्ती संघात आहे. स्पर्धा साताऱ्याला आहेत, दोन रात्री मुक्काम. संमतीचा फॉर्म गेले आठ दिवस फ्रिजवर पडला आहे. जावईबापू येता-जाता त्याच्याकडे बघतात आणि पेन सापडत नाही म्हणतात. काल मी फॉर्मशेजारी पेन ठेवून आले.