गाळाचा गुण

उन्हाळ्यात गावचा पाझर तलाव आटला की अण्णा, माझे आजोबा, मला गाळ बघायला न्यायचे. बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी पोटासाठी खोदलेला तो तलाव. तळाला भेगा पडलेल्या असत. त्यातली एक खपली उचलून अण्णा ती ओली करायचे, अंगठ्याखाली मळायचे आणि म्हणायचे, "लोणी हाय बग पोरा." मग आठवडाभर तलाव ते माळ अशा बैलगाड्यांच्या फेऱ्या. वाटेत सांडलेलं ढेकूळही आजी पदरात घालून परसात न्यायची. मुरमाड रानात पाणी टिकत नाही, गाळ पाणी धरतो, खताचा कसही धरतो. धरून ठेवणं हा गाळाचा गुण, एवढं मातीशास्त्र मला शाळेआधी आलं होतं.

मुंबईत आलो आणि तोच शब्द नाकाला पदर लावून भेटला. मे महिन्यात कुर्ल्याला मिठीच्या पात्रात पोकलेन उतरतं. बादलीतून डांबरासारखं काळं काहीतरी ठिबकत वर येतं, त्यात प्लास्टिक, चपला, एखादी उशी. विहार-पवईच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत ही नदी जेमतेम १८ किलोमीटर, पण वाटेत तेलाची पिंपं धुणारे, भंगारवाले, गोठे आणि लाखो घरांचं सांडपाणी तिच्यात उतरतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हापासून पावसाआधी हा गाळ निघालाच पाहिजे, असा शहराचा धोशा. निघाल्यावर तो जाणार कुठे, ही विचारणा मात्र दबक्या आवाजात.

काठावर टाकलेल्या त्या ढिगाकडे मी दोन-तीन दिवस जाता-येता बघत होतो. काळा रंग वरून उडत गेला, खपल्या तपकिरी झाल्या, अगदी आमच्या तलावासारख्या दिसू लागल्या. वाटलं, उन्हानं शुद्ध केलं बहुधा. नेमकं उलटं असतं. पाण्याखाली, हवेविना, धातू गंधकाशी बांधलेले असतात, काळेपणा तिथलाच. उघड्यावर हवा लागली की ती गाठ सैल होते आणि कॅडमियम, जस्त सुटे होऊन पहिल्या पावसाबरोबर निघायला मोकळे. दिसायला निवळलेला ढीगच जास्त वाईट.

आणि हे धातू बसतात कुठे? वाळूच्या जाड कणांवर फारसे नाहीत. बसतात त्या मऊ, बारीक कणांवर, अण्णांच्या अंगठ्याखालच्या लोण्यावर. जो कण खत धरतो तोच शिसं धरतो. काय धरावं याची निवड त्याच्या हातात नसते.

जर्मनीत हॅम्बुर्गच्या लोकांनी याच गुणाशी झुंज घेतली. एल्बे नदीच्या बंदरातला गाळ तेही पूर्वी शेतांवर पसरत, आपल्यासारखाच, कौतुकानं. पुढे त्यात कॅडमियम, आर्सेनिक सापडलं आणि ती रीत बंद करावी लागली. १९९३ पासून तिथे 'मेथा' नावाचा कारखाना गाळ अक्षरशः गाळतो. (भाजीशी संबंध नाही, जर्मन शब्दांचे तुकडे जोडून केलेलं नाव आहे.) आधी मोठमोठ्या चाळण्यांवर दगड-भंगार निघतं. मग निमुळत्या नळकांड्यांत गढूळ पाणी गरगर फिरवतात. ताक घुसळावं तसं, पण इथे लोणी नको असतं. सुमारे ०.०६३ मिलिमीटरहून जाड ती वाळू, ती बांधकामाला जाते. त्याहून बारीक चिखल पट्ट्यांमध्ये दाबून पिळून काढतात. त्यातून पाणी झिरपत नाही, म्हणून त्याचाच थर गाळाच्या टेकड्यांवर झाकण म्हणून घालतात. धरून ठेवायची सवय आहे ना, मग धर. विटाही भाजून पाहिल्या. भट्टी हजार अंशांवर गेली की बहुतेक धातू विटेच्या अंगात कोंडले जातात. पारा मात्र उडतो, म्हणून धुराड्यावरही पहारा लागतो. पण एल्बेला खरा उतार पडला तो पूर्व जर्मनीतले वरच्या अंगाचे कारखाने १९९० नंतर बंद पडू लागले तेव्हा. यंत्रं खालच्या टोकाला, औषध वरच्या टोकाला.

मिठीकाठच्या त्या ढिगातली एक खपली मी वेड्यासारखी पिशवीत घालून घरी आणली आणि खिडकीतल्या रिकाम्या कुंडीत टाकली. काही पेरलं नाही. जूनमध्ये पाऊस लागला तशी कुंडीत घोळ उगवली, आपली आपण. गुबगुबीत पानं, लालसर देठ.

"किती ताजी आहे!" बायको म्हणाली. "डाळीत टाकू?"

"नको," मी म्हणालो.

"अहो, पण का?"

मी कुंडी तिच्यापुढून उचलून आत भिंतीशी सरकवली. तिला सांगायला सुरुवात अण्णांच्या अंगठ्यापासून करावी लागली असती, आणि कुकरची तिसरी शिट्टी झाली होती.