मांडवीतील द्यूतनौका

मुरगावास राहणाऱ्या माणसाने पणजीस जावे ते कचेरीच्या कामासाठी, नाहीतर सोयऱ्याधायऱ्यांच्या भेटीसाठी. आम्ही मात्र गेल्या आश्विनात केवळ जुगाराची जहाजे पाहण्यासाठी पणजीस गेलो. पंच्याहत्तरी उलटलेल्या गृहस्थाने या कामासाठी बसमध्ये चढावे, हे ऐकून घरच्या मंडळींनी कपाळाला हात लावला. त्यांची समजूत काढण्याइतका वेळ नव्हता, आणि खरे कारण सांगण्याचे धैर्यही त्या दिवशी आम्हांस झाले नाही.

कारण असे घडले. डिचोली तालुक्यातील आमच्या मूळ गावच्या देवस्थानाकडून चतुर्थीनंतर एक पत्र आले. जत्रेच्या रात्रीच्या पालखीचा सर्व खर्च आपल्याकडे घ्यावा, अशी इच्छा एका तरुण महाजनाने समितीस कळविली होती. हा तरुण म्हणजे आमच्या चुलत बहिणीचा मुलगा. तो पणजीस एका कॅसिनोच्या जहाजावर नोकरीस आहे. जुगाराच्या पैशाने देवाची पालखी उचलावी काय, असा प्रश्न समितीतील काही वडीलधाऱ्यांनी उपस्थित केला, आणि जुने खजिनदार या नात्याने आमचे मत लेखी मागविले. पत्राची भाषा आदराची होती. ते वाचून आम्ही दोन रात्री नीट झोपलो नाही.

या मुलाची हकीगत आमच्या डिचोलीतील पुष्कळ घरांची आहे. चीनकडून खनिजाला मागणी वाढली त्या काळात त्याच्या वडिलांनी बँकेचे कर्ज काढून एक ट्रक घेतला. खाणीवरून बंदराच्या धक्क्यापर्यंत माल वाहायचा; तेथून तो बार्जमध्ये पडून मांडवीने खाली, आमच्या मुरगाव बंदराकडे यायचा. बंदरातील आमच्या कारकुनीच्या वर्षांत त्या बार्जच्या रांगा आम्ही रोज पाहिल्या आहेत. सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने खाणी थांबविल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानेही स्थगिती दिली. ट्रक अंगणात उभा राहिला. पहिल्या पावसात त्यावर कापड घातले, दुसऱ्या पावसात कापडही फाटले. खाणी पुन्हा चालू झाल्या, 2018 साली पुन्हा बंद पडल्या. तोपर्यंत मुलगा एकवीस वर्षांचा होऊन जहाजावर पत्ते वाटू लागला होता. ज्या नदीतून बापाने वाहिलेला माल गेला त्याच नदीत मुलाला भाकर मिळाली. कर्ज त्यानेच फेडले.

मत देण्यापूर्वी पाहावे, या हेतूने आम्ही निघालो. कुठ्ठाळीचा नवा पूल ओलांडून आगशी, बांबोळी मागे टाकीत पणजीस पोचलो तेव्हा दिवे लागत होते. जुने सचिवालय, म्हणजे आदिलशहाचा वाडा, तेथून नदीकडे दृष्टी टाकली तर पाणी दिसेना. पाण्यावर पडलेला तांबडा, निळा, जांभळा उजेडच तेवढा दिसे. सहा जहाजे नदीत नांगरलेली, आणि धक्क्यावरून माणसांना घेऊन जाणाऱ्या लहान बोटींची ये-जा अखंड चाललेली. धक्क्यावर रांग होती: नवविवाहित जोडपी, व्यापाऱ्यांचे घोळके, एका लग्नाचे वऱ्हाडच्या वऱ्हाड. आम्हांस आत जाता येणार नव्हते. गोमंतकीयांस कॅसिनोत प्रवेश नाही, ही तरतूद 2012 साली कायद्यात झाली आणि 1 फेब्रुवारी 2020 पासून ती अमलात आली. नोकरीसाठी जावे, खेळण्यासाठी जाऊ नये. आपल्याच नदीच्या काठी आम्ही परक्यासारखे उभे होतो. त्याचे दुःख मात्र झाले नाही, उलट थोडे सुटल्यासारखे वाटले.

आत काय असते हे आम्हांस अगदीच ठाऊक नव्हते असे नाही. 2011 साली मुंबईचे आमचे मेहुणे आले असता त्यांच्या आग्रहाने आम्ही एकदा जहाजावर गेलो होतो. तेव्हा ही बंदी नव्हती. त्या रात्रीच्या दोन गोष्टी स्मरणात राहिल्या आहेत. पहिली ही, की तेथे घड्याळ कोठेही दिसले नाही. खिडक्यांना जाड पडदे. बाहेर मध्यरात्र आहे की पहाट, कळावयास मार्ग नाही. दुसरी ही, की पैसा कोणाच्याही हाती दिसला नाही. दारात नोटा द्यावयाच्या आणि रंगीत चिप घ्यावयाच्या. आमच्या शेजारचा एक गृहस्थ, बोलण्यावरून गुजरातकडचा वाटला, असल्या चिपांची चळत खुशाल पुढे सरकवीत होता. तेवढ्याच रकमेच्या नोटा मोजून द्यावयाच्या असत्या तर त्याचा हात निश्चित थरथरला असता. मेहुणे तीन हजार हरले आणि जेवण उत्तम होते असे म्हणत परतले.

गोव्यात जुगार जहाजाबरोबर आला असे समजणाऱ्या बाहेरच्या मंडळींना आमच्या जत्रा ठाऊक नाहीत. पेडण्यापासून सत्तरीपर्यंत कोणत्याही जत्रेत, दशावतारी काला रंगात आला, की मंडपापासून थोडे दूर, पेट्रोमॅक्सच्या उजेडात गडगड्याचे फड बसत. आमच्या गावी तीन फासे असत. डब्यात ते गडगडत आणि पुढे अंथरलेल्या मेणकापडावर सहा चित्रांची घरे असत. आपल्या चित्राचा एक फासा पडला तर एकपट, दोन पडले तर दुप्पट, तिन्ही पडले तर तिप्पट. खेळ सरळ दिसतो. पुढे हिशेबाची आवड म्हणून आम्ही कागदावर मांडून पाहिले: तीन फासे 216 प्रकारांनी पडू शकतात, त्यांपैकी 125 वेळा आपले चित्र येतच नाही, आणि सर्व देणे-घेणे वजा जाता 216 रुपयांमागे 17 रुपये फडवाल्याकडे राहतात. म्हणजे शेकडा जवळजवळ आठ. एका शून्याच्या, 37 घरांच्या रुलेटच्या चक्रावर हाच वाटा शेकडा पावणेतीनच्या आत असतो! वाचकांस आश्चर्य वाटेल, पण त्या कागदी हिशेबात जहाजवाला आमच्या फडवाल्यापेक्षा सौम्य ठरतो.

परंतु फडवाल्याला एकच रात्र असे. काल्यात राक्षस पडला, पालखी देवळात शिरली, कोंबडा आरवला, की तो मेणकापड गुंडाळून पुढच्या गावी जाई. चक्र तासाला तीस-चाळीस फेरे घेते आणि वर्षाच्या सर्व रात्री फिरते. आमच्या मते जुगारात झालेला खरा बदल हाच. त्याला पूर्वी तिथी होती, ती गेली.

आपल्या शास्त्रकारांचे या बाबतीत एकमत नव्हते, हेही सांगितले पाहिजे. मनूने राज्यातून द्यूत समूळ काढावे असे सांगितले. कौटिल्याने द्यूताध्यक्ष नेमून जिंकणाराकडून शेकडा पाच घ्यावे असे लिहिले. वेरुळच्या लेण्यांत साक्षात शिवपार्वती फासे खेळत आहेत. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असे नावच आहे. म्हणजे परवानगी दिली ती एका दिवसाची. आमच्या सरकारने मात्र मनू आणि कौटिल्य दोघांनाही एकाच पुस्तकात बसविले आहे. 1976 च्या कायद्याने सार्वजनिक जुगार गुन्हा ठरविला. त्याच कायद्यात 1992 साली पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांसाठी आणि 1996 साली जहाजांवरील खेळांसाठी वाट काढली. कर म्हणाल तर ऑक्टोबर 2023 पासून शेकडा 28 आणि 22 सप्टेंबर 2025 पासून शेकडा 40. कौटिल्य पाचावर समाधानी होता.

येथे मकाव आठवते. चीनच्या किनाऱ्यावरील ती पोर्तुगीज वसाहत 1844 पर्यंत गोव्याच्याच अमलाखाली होती. गोव्यापासून वेगळी झाली आणि तिजोरी भरावयाची कशी या विवंचनेत 1847 साली तेथे जुगार कायदेशीर केला गेला. 1962 पासून चाळीस वर्षे एकाच कंपनीकडे त्याचा मक्ता होता; 2002 मध्ये इतरांना दारे उघडली आणि 2006 साली मकावने उत्पन्नात लास वेगासला मागे टाकले. त्याच मकावात सरकारी नोकरांना कॅसिनोत खेळण्याची मनाई आहे. केवळ चिनी नववर्षाचे पहिले तीन दिवस मोकळे. मोनॅकोतही तेथील नागरिकाला जुगाराच्या मेजाशी बसता येत नाही. ज्यांनी ही दुकाने मांडली त्यांना आपल्या घरची माणसे तेथे गिऱ्हाईक म्हणून नकोत, हे सर्वत्र सारखेच.

असो. भाचा पाळीवर जाण्यापूर्वी अर्धा तास भेटावयास आला. काळा कोट; विजार आणि कोट दोहोंनाही खिसे नाहीत. चहा घेताना आम्ही त्याला एक गोष्ट विचारली. चतुर्थीत देवळात तीर्थ घेतल्यावर त्याने दोन्ही तळहात एकमेकांवर हलकेच झाडून उलटसुलट केले होते. ही कोणती रीत? तो ओशाळून हसला. मेज सोडताना हात रिकामे आहेत हे वरच्या कॅमेऱ्याला दाखवावे लागते. नऊ वर्षांची सवय, देवापुढेही सुटत नाही.

पालखीबद्दल आक्षेप निघाल्याचे त्याला कळले होते. राग दिसला नाही. "मामा, हांव खेळना, हांव खेळयतां," एवढेच तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने स्वतःच पुढे म्हणाला, की हा फरक रात्री तीन वाजता कधीकधी कळेनासा होतो. एखादा मनुष्य बायकोला फोनवर खोटे सांगत असतो आणि आपण त्याच्यापुढे पान टाकीत असतो. गावातील मुले तर जहाजावर येऊच शकत नाहीत. ती मोबाइलवर हरत होती, त्या पैशाच्या खेळांना संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये बंदी घातली. मग त्याने सहज विचारले, "आपल्या जत्रेत पूर्वी फड बसायचे ना? तेव्हा कोणी काही म्हणत नसे?"

आम्ही म्हटले, "नसे." आणि बोटीची वेळ झाली म्हणून तो उठला.

1988 साली आम्ही देवस्थानाचे खजिनदार होतो. मुरगावाहून शनिवारी गावी जाऊन वह्या लिहीत असू. त्या वर्षी सभामंडपाची फरशी घालावयाची होती आणि पैसा अपुरा होता. फडवाले आले. जागेचे भाडे म्हणून त्यांनी जी रक्कम देऊ केली ती पावणीत आलेल्या सर्व रकमांपेक्षा अधिक होती. आम्ही ती घेतली आणि वहीत 'जत्रा, किरकोळ जमा' असे लिहिले. 'गडगडा' हा शब्द आम्ही लिहिला नाही. समितीत सर्वांना ठाऊक होते. कोणी विचारले नाही.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दीपस्तंभाखाली एक बाई येऊन बसली. तिच्या नवऱ्याने काजूच्या बागेच्या पावणीसाठी जमविलेले बाराशे रुपये रात्री फडावर घातले होते. तिने आम्हांस हाक मारून विचारले, की देवाच्या अंगणात गेलेला पैसा देव परत देईल काय. आम्ही तिला सांगितले, फड देवस्थानाचा नाही, फडवाले पहाटेच निघून गेले. देवस्थान काय करणार? ती काही बोलली नाही. बराच वेळ तशीच बसली आणि मग उठून गेली. त्या वर्षी बाग दुसऱ्याने घेतली. ज्या रकमेतून बाराशे रुपये सहज परत करता आले असते ती त्या क्षणी आमच्या पिशवीत होती. फरशी उत्तम झाली. अजून एक लादी हललेली नाही.

पणजीहून परतताना बसमध्ये आम्ही मनाशी मजकूर जुळवीत होतो. आमच्या भाच्याचा पैसा पगाराचा आहे, त्यावर कर कापला आहे, हे मुद्दे सुचले. पण ते वकिलाचे मुद्दे. घरी आल्यावर ट्रंकेतून जुन्या वहीची प्रत काढली. पुढे दंगा झाला तर असावी म्हणून त्या काळी आम्ही प्रत ठेवीत असू. 1988 च्या जत्रेचे पान घरच्या मंडळींना वाचून दाखविले आणि त्या बाईची हकीगतही सांगितली. सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, की सदतीस वर्षे हे पोटात कसे ठेवले.

दुसऱ्या दिवशी समितीस उत्तर लिहिले. मत असे काही दिले नाही. त्या पानाची झेरॉक्स जोडली, 'किरकोळ जमा' या शब्दांखाली रेघ ओढली आणि ती रक्कम कोणाची, कशाची, हे स्वच्छ अक्षरात लिहिले; बाराशे रुपयांची गोष्टही लिहिली. भाच्याचा पैसा नाकारावयाचा असेल तर आधी सभामंडपाच्या फरशीचा निर्णय व्हावा, आणि फरशी राहणार असेल तर त्या बाईच्या घरचे कोणी हयात असल्यास त्यांचे देणे प्रथम फेडावे; त्या रकमेचा धनादेश सोबत आहे, असे कळविले. बाराशेचे आज किती व्हावेत याचा हिशेब आमच्याने झाला नाही; जे हाताशी होते ते घातले.

समितीचे उत्तर अद्याप आलेले नाही. धनादेश मात्र वटला आहे, असे बँकेच्या पासबुकावरून दिसते. जत्रा पौषात आहे; भाच्याने त्या रात्रीची रजा मागून ठेवली आहे.