बेल्ट काढून टाकू नकोस

चि. बाळ,


तू पाठवलेला सागाचा तुकडा समोर ठेवूनच लिहायला बसलो आहे. भोकाची कड काळी पडली आहे. बिटची धार गेली असं तू म्हणतेस. गेली असेल, पण ती वेगाने गेली. हिशेब कर. मिनिटाला 1400 फेऱ्यांवर 10 मिलिमीटरच्या ड्रिलची कड 44 मीटर धावते, तुझ्या 50 मिलिमीटरच्या फोर्स्टनर बिटची 220. हा बिट मी 500 च्या आतच चालवतो. तुझ्या ड्रिल प्रेसला पुल्या आहेत, पण एका भोकासाठी झाकण उघडून बेल्ट कोण बदलतं? म्हणून वेग बटणावर हवा, हे तुझं म्हणणं मला पटलं.

मात्र सध्याच्या मोटरला पंख्याचा रेग्युलेटर लावू नकोस. तरुणपणी मी ते करून एक मोटर जाळली आहे. सिंगल फेज कपॅसिटर-स्टार्ट मोटरमध्ये वेग उतरला की आतला सेंट्रिफ्युगल स्विच सुरुवातीचं वाइंडिंग पुन्हा जोडतो, आणि ते क्षणभरापुरतंच केलेलं असतं.

मोटरच बदल. 1 एचपी, थ्री फेज, चार पोल. सोबत 230 व्होल्ट सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा आणि हर्ट्झ बदलून वेग बदलणारा व्हीएफडी. इथे एक मेख आहे. आपल्याकडच्या लहान मोटरी बहुधा 415 व्होल्टसाठी आतच स्टारमध्ये जोडलेल्या असतात आणि बाहेर तीनच वायरी येतात. तुझा व्हीएफडी देणार 230. तेव्हा वाइंडरकडून स्टारचा जोड उघडून सहाही टोकं बाहेर काढून घे आणि डेल्टात जोड. 415 ला 3 च्या वर्गमुळाने भागलं की 240 येतात, म्हणजे जमलं.

आता बेल्टचं. तो काढून टाकायचा तुझा विचार मला मुळीच मान्य नाही. 25 हर्ट्झवर वेग निम्मा होतो, पण मोटरचा पीळ (टॉर्क) फार तर तेवढाच राहतो. पुलीने वेग निम्मा केला तर स्पिंडलवर पीळ दुप्पट मिळतो, आणि मोठ्या बिटला तोच लागतो. बेल्ट निम्म्या वेगाच्या पुलीवर ठेव. 25 ते 75 हर्ट्झमध्ये साधारण 350 ते 1050 फेऱ्या मिळतील. बारीक ड्रिलच्या दिवशी बेल्ट जास्त वेगाच्या पुलीवर घे. फार खालच्या हर्ट्झवर तासन्‌तास चालवू नकोस. मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, तोही मंदावतो आणि मोटर तापते.

व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये स्विच घालू नकोस. थांबवायचं लाल बटण व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलला जोड. भुसा आत जाणार नाही अशा जागी व्हीएफडी बसव, पण त्याला हवा मिळू दे. वीज बंद केल्यावरही आतले कपॅसिटर भरलेले असतात, दहा मिनिटं झाकणाला हात लावू नकोस.

अर्थिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घे, आणि ते होईपर्यंत मशीन सुरू करू नकोस. एवढं माझं ऐक.

तुझा,
मामा