पडद्यावरचं मरण कुणाच्या सोयीचं?

पडेगाव, रात्र

फाइट हार्लानचा ‘ऑप्फरगांग’ (1944) हा रंगीत जर्मन प्रेमपट म्हणजे निव्वळ अश्रूंचा सोहळा, असं म्हणणं मला भाबडेपणाचं वाटतं. रुडॉल्फ बिंडिंगच्या मूळ कथेत नवरा मरतो. चित्रपटात तो वाचतो आणि मरते ती त्याची आजारी प्रेयसी. हा बदल नाझी प्रचारमंत्री गोबेल्सनं करायला लावला, असं हार्लान सांगे. म्हणजे इथं आजार हा त्या प्रेमाला दिलेल्या शिक्षेचा हुकूम ठरला, तोही मंद, सुंदर रंगांत.

आता व्ही. शांतारामबापूंचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (1946) घ्या. चीनमध्ये सेवेला गेलेले सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस, चिनी परिचारिका पत्नी, तान्हं मूल आणि 9 डिसेंबर 1942 रोजी अपस्माराच्या झटक्यानं आलेला मृत्यू. कुणी म्हणेल, हे तर घडलेलंच होतं, त्यात दिग्दर्शकाचा डाव कसला? मान्य. पण घडलेल्या मरणालाही ‘अमर’ ठरवण्याची निवड कथाकाराचीच, आणि ती इथंही देशकार्याच्या बाजूनं झाली. फरक एवढाच (आणि तो लहान नाही) की कोटणीसांचं मरण कुणाच्या प्रेमाला गुन्हा ठरवत नाही. बापूंचा भडकपणा मला खटकतो, तरी हार्लानच्या नजाकतीपेक्षा तो मला अधिक प्रामाणिक वाटतो.